सही, किल्ली आणि संशय : वाचनगटासाठी नव्या रहस्यकादंबऱ्या

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार आपल्या घरांतून फार काळ झाकून वाचला गेला. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही नावे साठी ओलांडलेल्या मराठी वाचकासमोर नुसती उच्चारली, तरी त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू उमटते. परंतु ती पुस्तके दिवाणखान्यातील कपाटात क्वचितच दिसत. गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी रोजमेळाच्या आडोशाने ती वाचली जात आणि वडीलधारे येताना दिसले, की गादीखाली सरकवली जात. पुढे ‘धनंजय’चे दिवाळी अंक आले, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आला. वाचक वाढले, प्रतिष्ठा मात्र बेताचीच राहिली.

म्हणूनच, येत्या सहा महिन्यांत आपण केवळ रहस्यकादंबऱ्या वाचाव्यात, त्याही अलीकडे प्रसिद्ध झालेल्या, असा प्रस्ताव आमच्या वाचनगटात आला, तेव्हा काही काळ शांतता पसरली. गट अकरा जणांचा. पाच गृहिणी, दोन तरुण सुना, तीन निवृत्त व्यापारी आणि बँकेतून निवृत्त झालेला प्रस्तुत लेखक. आजवर आम्ही चरित्रे, प्रवासवर्णने आणि कौटुंबिक कादंबऱ्या वाचल्या. गटातील सर्वांत ज्येष्ठ काकींनी पहिला आक्षेप घेतला. त्या म्हणाल्या, “साहेब, सकाळच्या वर्तमानपत्रात जे वाचून जीव उबगतो, तेच दुपारी पुन्हा पुस्तकात कशाला वाचायचे?”

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर देणे आवश्यक होते. चांगल्या रहस्यकादंबरीत खून जेमतेम पानभराचा असतो. काही लेखक तर तो पडद्याआडच घडवितात. उरलेली तीनशे पाने कोणाचा कोणावर विश्वास होता, कागद कोणाच्या ताब्यात होते आणि झाल्या प्रकाराचा लाभ कोणाला झाला, या शोधात जातात. बँकेच्या तपासणी विभागात काम केलेल्या माणसाला हे तीनही प्रश्न पाठ असतात. पेढी चालविणाऱ्या कुटुंबांनाही ते नवे नाहीत. भागीदारी, वारसा, उधारी, जामीनकी आणि मुनिमावरचा भरवसा यांतच आपले आयुष्य गेलेले असल्याने, या कादंबऱ्या आपण इतर वाचकांहून बारकाईने वाचू शकतो, असे मी त्या दिवशी म्हणालो. काकींनी एका पुस्तकापुरती संमती दिली.

ते एक पुस्तक निवडताना मी सुजाता मॅसी यांचे नाव सुचविले. त्यांच्या परवीन मिस्त्री मालिकेतील पहिली कादंबरी ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ २०१८ मध्ये आली. त्यानंतर ‘द सातापूर मूनस्टोन’ २०१९ मध्ये, ‘द बॉम्बे प्रिन्स’ २०२१ मध्ये आणि ‘द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाउस’ २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिली कादंबरी काही देशांत निराळ्या शीर्षकाने निघाली आहे. तेव्हा मागविताना लेखिकेचे व नायिकेचे नाव पाहून घ्यावे.

काळ १९२१ चा, स्थळ मुंबई. परवीन ही पारशी तरुणी ऑक्सफर्डला कायदा शिकून आली आहे. स्त्रियांना न्यायालयात उभे राहून बाजू मांडण्याची मुभा अद्याप मिळालेली नाही, म्हणून ती वडिलांच्या कचेरीत दस्तऐवज तपासणे, मृत्युपत्रे व करार तयार करणे अशी कामे करते. ही व्यक्तिरेखा निव्वळ कल्पनेतून आलेली नाही. नाशिक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या आणि ऑक्सफर्डमध्ये कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या पहिल्या स्त्री ठरलेल्या कॉर्नेलिया सोराबजी, तसेच मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री मिठन टाटा-लाम, या दोघींच्या आयुष्यावरून लेखिकेला परवीन सुचली. स्त्रियांना वकिलीची दारे उघडणारा कायदा १९२३ मध्ये झाला. म्हणजे परवीन जेथे उभी आहे तेथून तो दोन वर्षांच्या अंतरावर आहे.

कथेचे बीज एका कागदात आहे. एका मुस्लिम गिरणीमालकाचे निधन होते. त्याच्या तीन विधवा पडद्यात राहतात. विवाहाच्या वेळी ठरलेला मेहेर, म्हणजे पत्नीचा स्वतःचा हक्काचा पैसा, तिघीही एका धर्मादाय वक्फाला देऊन टाकीत असल्याचे पत्र कचेरीत येते. पत्र घरच्या व्यवस्थापकामार्फत आले आहे. परवीन सह्या पाहते आणि थबकते. एका विधवेने सहीच्या जागी केवळ फुली केली आहे. जिला स्वतःचे नाव लिहिता येत नाही, तिने हा मजकूर वाचला असेल कसा? आणि वाचला नसेल, तर तो तिला कोणी वाचून दाखविला, व काय सांगून? परपुरुषाला जनानखान्यात प्रवेश नाही. स्त्री वकिलाला आहे. परवीन आत जाते आणि पुढील तीनशे पाने आपण तिच्यासोबत जाळीच्या अलीकडे-पलीकडे फिरत राहतो. खून होतो, तो कोणाचा हे येथे सांगत नाही.

या पुस्तकावरील चर्चा आमच्या गटात दोन बैठका चालली. त्याचे कारण ती फुली. बँकेच्या जुन्या कागदांवर ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असे लिहून शेजारी ठसा घेतलेला असे. अशा दस्तावर, मजकूर त्या व्यक्तीला तिच्या भाषेत समजावून सांगितला व तिला तो समजला, अशी नोंद करावी लागते. नियम उत्तम आहे. परंतु तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी जे पाहिले ते असे की, अंगठा उठविणाऱ्या स्त्रीला निदान कोणीतरी काहीतरी समजावून सांगे. वळणदार अक्षरात सही करणाऱ्या, शिकलेल्या स्त्रीला कोणी काहीच सांगत नसे. ती यजमानांसोबत येई, पदर सावरून खुर्चीच्या कडेला बसे आणि एकच प्रश्न विचारी, “कुठे सही करू?” मी जामीनकीचा अर्थ सांगू लागलो, की यजमान घड्याळाकडे पाहत.

हा अर्थ येथे सांगतो, कारण आमच्या बैठकीतही तो सांगावा लागला. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील १२८ व्या कलमानुसार, करारात निराळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्ज थकले तर ऋणको आधी आणि जामीनदार नंतर, असा क्रम पाळण्याचे बंधन धनकोवर नाही. ‘नुसती सही आहे, बाकी काही नाही’ हे वाक्य आपल्या घराघरांत बोलले जाते. कायद्याला ते ठाऊक नाही.

हे ऐकल्यावर गटातील एका वहिनींनी विचारले, “आम्ही कुठे कुठे सह्या केल्या आहेत, हे आता कळेल का?” त्यांच्या प्रश्नात तक्रार नव्हती. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली, सह्या किती झाल्या याची मोजदाद नाही, इतकेच त्या सांगत होत्या. पुढच्या बैठकीला त्या एक वही घेऊन आल्या. यजमानांना विचारून त्यांनी त्यात आपल्या नावावरील खाती, भागीदारी, जामीनकी आणि विमा यांची यादी केली होती. यजमानांनी ती आनंदाने करू दिली, किंबहुना दोन गोष्टी त्यांच्याही विस्मरणात गेल्या होत्या, असे वहिनी हसत म्हणाल्या. आता गटातील आणखी चार घरांत तशी वही झाली आहे.

मालिकेतील चौथे पुस्तक, ‘द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाउस’, आपल्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल, कारण त्यात एक श्रीमंत गुजराती कुटुंब आणि स्त्रियांच्या रुग्णालयासाठी त्या घरी भरलेला निधिसंकलनाचा समारंभ आहे. त्या समारंभात एका लहान मुलाच्या कपड्यांना आग लागते आणि घरची आया स्वतः भाजून घेऊन त्याला वाचविते. काही दिवसांनी तिलाच अटक होते. देणगीदारांच्या नावांची पाटी आणि घरातील नोकराला मिळणारी वागणूक, या दोहोंमधील अंतर लेखिकेने आवाज न चढविता दाखविले आहे. चारांमध्ये कथानकाच्या बांधणीत मला पहिले सरस वाटते. चौथे अधिक बोचते.

मुंबईतच राहायचे असेल, तर वसीम खान यांच्याकडे वळावे. त्यांची पर्सिस वाडिया ही स्वतंत्र भारतातील पहिली स्त्री पोलीस निरीक्षक, अर्थात कादंबरीतली. वडिलांचे पुस्तकांचे दुकान आहे आणि ती त्या दुकानातच वाढलेली आहे. ‘मिडनाइट अ‍ॅट मलबार हाउस’ २०२० मध्ये आली, तिची कथा १९४९ च्या अखेरच्या रात्री सुरू होते. नंतर जवळजवळ दरवर्षी एक कादंबरी आली, आणि पाचवी ‘सिटी ऑफ डिस्ट्रक्शन’ २०२४ मध्ये. गटासाठी मात्र मी दुसरी, ‘द डाइंग डे’, सुचवीन. फोर्टमधील एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या आपणा सर्वांना परिचित आहेत. त्या संस्थेकडे दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चे एक अत्यंत जुने हस्तलिखित खरोखरच आहे. कादंबरीत ते हस्तलिखित नाहीसे होते, सोबत त्याची देखरेख करणारा विद्वानही. मागे राहतात कूटश्लोकांसारखी कोडी. ज्यांना शब्दकोडी सोडविण्याची सवय आहे, त्यांना हे पुस्तक फार आवडेल. ज्यांना माणसांच्या मनात शिरायचे आहे, ते कदाचित थोडे कंटाळतील.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट अभिमानाने नोंदवावी अशी आहे. वसीम खान यांचे शिक्षण हिशेब व वित्त या विषयांचे. कलकत्त्याच्या पार्श्वभूमीवर लिहिणारे अबीर मुखर्जी हे तर व्यवसायाने हिशेबतपासनीस होते. ताळेबंद जुळत नाही तोवर झोप न येणारी माणसे रहस्यकथा उत्तम लिहितात, याचे मला नवल वाटत नाही. मुखर्जींची ‘द बर्निंग ग्राउंड्स’ २०२५ मध्ये आली असून तीत १९२६ चे कलकत्ता आणि स्मशानघाटावर सापडलेला एका दानशूर गृहस्थाचा मृतदेह आहे. मालिका २०१६ च्या ‘अ रायझिंग मॅन’पासून क्रमाने वाचली तर इंग्रज अधिकारी विंडहॅम आणि त्याचा बंगाली सहकारी बॅनर्जी यांच्यातील बदलत जाणारे नाते कळते. परंतु त्यात अफूचे व्यसन, दंगली आणि रक्तपात यांची वर्णने आहेत. आमच्या गटाने ती घरी, ज्याने त्याने वाचावी असे ठरविले.

आता रिचर्ड ऑस्मन यांच्याविषयी, ज्यांच्या नव्या पुस्तकाची आमच्या गटातील दोन्ही सुना वर्षभर वाट पाहतात. त्यांची ‘द थर्सडे मर्डर क्लब’ २०२० मध्ये आली. इंग्लंडच्या केंट परगण्यात कूपर्स चेस नावाची निवृत्तांची वसाहत आहे. तेथे दर गुरुवारी चौघे वृद्ध जमतात आणि पोलिसांनी सोडून दिलेली जुनी प्रकरणे वाचतात. एलिझाबेथ पूर्वी गुप्तहेर खात्यात होती, जॉइस परिचारिका, रॉन कामगार पुढारी आणि इब्राहिम मानसोपचारतज्ज्ञ. चौघांच्या स्वभावांचा एकमेकांशी मेळ नाही, आणि तरीही ते एकमेकांवाचून राहू शकत नाहीत. थोडक्यात, तो एक वाचनगटच आहे. ‘द मॅन हू डाइड ट्वाइस’, ‘द बुलेट दॅट मिस्ड’, ‘द लास्ट डेव्हिल टू डाय’ आणि २०२५ मधील ‘द इम्पॉसिबल फॉर्च्यून’ ही पुढील पुस्तके. मधल्या २०२४ साली त्यांनी ‘वी सॉल्व्ह मर्डर्स’ ही निराळ्या पात्रांची कादंबरी लिहिली. ती वेगवान आहे, परंतु कूपर्स चेसची ऊब तीत नाही.

२०२३ मधील ‘द लास्ट डेव्हिल टू डाय’ हे या मालिकेतील सर्वोत्तम पुस्तक आहे. मुख्य रहस्य एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या हत्येचे. कुलदेश शर्मा असे त्याचे नाव, म्हणजे आपल्याकडचाच. पण मला थांबविले ते एका उपकथानकाने. वसाहतीतील एक वृद्ध गृहस्थ, जिला त्यांनी कधी प्रत्यक्ष पाहिलेही नाही अशा परदेशस्थ स्त्रीला, संगणकावरील ओळखीच्या आधारे पैसे पाठवीत असतात. ती लवकरच भेटायला येणार आहे, असे त्यांना वाटते. आजूबाजूच्या सर्वांना ही फसवणूक दिसते, त्यांना दिसत नाही. किंवा दिसत असूनही एकटेपणापुढे ती पाहण्याची इच्छा होत नाही. चौघे मित्र त्यांची चेष्टा करीत नाहीत, उपदेशही करीत नाहीत. त्यांचा मान राखून त्यांना बाहेर कसे काढायचे, याचा ते विचार करतात.

बँकेत मुदतठेव मुदतीपूर्वी मोडायला आलेला वृद्ध ग्राहक समोर बसला, की अधिकाऱ्याला हाच पेच पडतो. कारण विचारावे तर त्याच्या खासगी व्यवहारात ढवळाढवळ होते, न विचारावे तर डोळ्यांदेखत जन्माची पुंजी जाते. आमच्या बैठकीत ही चर्चा सुरू असताना एका सदस्याने प्रथमच सांगितले, की त्यांच्या घरातील एक ज्येष्ठ दोन दिवस खोलीचे दार लावून, भ्रमणध्वनीचा कॅमेरा चालू ठेवून बसले होते. पलीकडच्या ‘अधिकाऱ्याने’ त्यांना अटक झाल्याचे सांगितले होते. मोठी रक्कम गेली. पण पैशांपेक्षा, घरात कोणाला सांगावेसे वाटले नाही, याचे दुःख त्या सदस्याला अधिक होते. भ्रमणध्वनीवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात मुळीच नाही, आणि फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविले, तर रक्कम रोखली जाण्याची शक्यता असते, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. ठाऊक असूनही माणसे फसतात. कादंबरीतील ते गृहस्थही अडाणी नाहीत. त्या दुपारी चहा गार झाला आणि कोणी उठले नाही.

याच पुस्तकात एलिझाबेथच्या पतीची हरवत चाललेली स्मृती आहे. त्या भागाविषयी अधिक लिहीत नाही. ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांनी ते पुस्तक आपल्या सवडीने, एकांतात वाचावे.

‘द इम्पॉसिबल फॉर्च्यून’ तुलनेने हलकेफुलके आहे. जॉइसच्या मुलीचे लग्न, त्यात वराचा मित्र एलिझाबेथला बाजूला घेऊन सांगतो की आपल्या जिवावर कोणीतरी उठले आहे, आणि मग तो बेपत्ता होतो. त्याचा व भागीदारणीचा व्यवसाय म्हणजे लोकांची डिजिटल गुपिते जपून ठेवणारी एक अभेद्य तिजोरी. बऱ्याच वर्षांपूर्वी शुल्कापोटी मिळालेले बिटकॉइन तेथे पडून आहेत आणि आज त्यांचे मोल डोळे फिरविणारे झाले आहे. तिजोरी उघडण्यास दोघांचेही गुप्त आकडे लागतात, एकट्याचा उपयोग नाही. येथे मला आमची स्ट्राँग रूम आठवली. बँकेची तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात असते. दोघांच्या किल्ल्या वेगळ्या, एकाने दुसऱ्याची किल्ली क्षणभरही हाती घ्यायची नाही, आणि जादा किल्ल्यांचा जोड दुसऱ्या शाखेत ठेवायचा. नव्या मुलांना ही पद्धत जुनाट वाटे. ऑस्मन यांनी सगळ्या आधुनिक संगणकीय थाटामाटानंतर नेमकी हीच पद्धत कथेच्या केंद्रस्थानी आणली आहे. गटातील एक निवृत्त कापड व्यापारी म्हणाले, “दोन भावांची पेढी अशीच असते. एक किल्ली रुसली, की दुकान बंद.”

अँथनी हॉरोविट्झ यांच्याविषयी गटात मतभेद झाले. त्यांच्या सुझन रायलंड मालिकेत कादंबरीच्या पोटात कादंबरी असते. सुझन ही प्रकाशनसंस्थेतील संपादक. तिच्याकडे आलेल्या हस्तलिखितातील खून आणि तिच्या भोवतालच्या जगातील खून एकमेकांची सावली असतात. ‘मॅगपाय मर्डर्स’ २०१६ मध्ये, ‘मूनफ्लॉवर मर्डर्स’ २०२० मध्ये आणि ‘मार्बल हॉल मर्डर्स’ २०२५ मध्ये आली. दोन कथांतील पात्रांची नावे ध्यानात ठेवता ठेवता काहींची दमछाक झाली. माझे मत असे की, कागदावर दोन स्तंभ आखून नावे लिहीत गेल्यास, म्हणजे खतावणी ठेवल्यास, अडचण राहत नाही. मात्र पहिले पुस्तक वाचल्याशिवाय तिसरे हाती घेऊ नये.

‘मार्बल हॉल’ आपल्या कुटुंबांनी आवर्जून वाचावे. मिरियम क्रेस ही जगप्रसिद्ध बालसाहित्यिका वीस वर्षांपूर्वी निवर्तली. तिच्या पुस्तकांच्या उत्पन्नावर सारे घराणे जगते. जगाच्या दृष्टीने ती प्रेमळ आजी, घरात मात्र तिचा दरारा आणि जाच. तिचा नातू एलियट आता स्वतः रहस्यकादंबरी लिहीत असून, आजीचा मृत्यू नैसर्गिक नव्हता, याचे धागे तो तिच्यात गुंफीत असल्याचे सुझनला जाणवते. घराण्याचे नाव हीच ज्यांची मालमत्ता, ती माणसे ते नाव जपण्यासाठी कोणत्या थराला जातील, हा या पुस्तकाचा खरा विषय आहे. गटातील दोन सुनांना एलियटविषयी सहानुभूती वाटली. ज्येष्ठांना तो उधळ्या आणि कृतघ्न वाटला. दोन पिढ्यांत इतका थेट वाद मी आमच्या बैठकीत यापूर्वी ऐकला नव्हता, आणि वाद एलियटपुरताच राहिला असे म्हणता येणार नाही.

मृत्युपत्रांचा विषय निघाला म्हणून एक अवांतर माहिती. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवींसाठी चारपर्यंत व्यक्तींचे नामनिर्देशन करता येते व प्रत्येकाचा हिस्सा ठरवून देता येतो. लॉकरसाठी मात्र एकामागून एक अशाच क्रमाने. नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी असते, आपोआप मालक होत नाही. रहस्यकादंबऱ्यांतील निम्मे खून इंग्लंडमधील लोकांना हा फरक न कळल्याने होत असावेत, असा मला संशय आहे.

जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांचे नाव तरुण सदस्य वारंवार घेतात. ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’मध्ये खून कोणी केला हे आरंभीच कळते. तो लपविण्यासाठी शेजारच्या गणित शिक्षकाने रचलेली योजना हेच रहस्य. हिंदीतील ‘जाने जान’ हा चित्रपट याच पुस्तकावरचा, पण पुस्तक फार वरचे आहे. त्यांच्या नव्या अनुवादांपैकी ‘इन्व्हिजिबल हेलिक्स’ मी वाचावयास घेतले आहे.

इंग्रजी वाचणे ज्यांना जड जाते त्यांच्यासाठी सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा मराठीत आहेत. पत्रकार अशोक जैन यांनी केलेला तो अनुवाद प्रसन्न आहे, आणि नातवंडांनाही निःशंकपणे देता येतो. फेलूदा १९६५ मध्ये प्रथम अवतरला, म्हणजे नवा म्हणता येणार नाही, परंतु अनेक घरांत तो अद्याप पोचलेला नाही. आमच्या गटात आणखी एक सोय झाली. दोन्ही सुना इंग्रजी पुस्तकातील पन्नास-साठ पाने वाचून येतात आणि ती मराठीतून सांगतात. काकींनी ‘मलबार हिल’ संपूर्ण असे ऐकले. एका सुनेचे म्हणणे असे की, सांगताना आपल्यालाच अधिक कळते, कारण काकी मध्येच थांबवून “त्या वेळी दार आतून लावले होते की बाहेरून?” असे विचारतात.

रहस्यकादंबरीवर चर्चा करण्याची एक अडचण असते. शेवट वाचलेला माणूस गप्प बसू शकत नाही. त्यावर आम्ही असा उपाय काढला. पुस्तक तीन-चतुर्थांश झाले, की सर्वांनी तेथेच थांबायचे. बैठकीत प्रत्येकाने आपल्या संशयिताचे नाव व कारण चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. डबा ग्रंथालयाच्या कपाटात कुलपात. कुलपाची एक किल्ली कापड व्यापाऱ्यांकडे, कपाटाची दुसरी माझ्याकडे. पुढील बैठकीपर्यंत सर्वांनी पुस्तक पूर्ण करायचे आणि मग चिठ्ठ्या उघडायच्या. नाव बरोबर आले तरी कारण चुकले असेल, तर तो अंदाज धरला जात नाही. हा नियम काकींचा. गटासाठी प्रत्येक पुस्तकाच्या तीन प्रती पुरतात. कागदी बांधणीच्या आवृत्तीसाठी थांबल्यास खर्चही आटोक्यात राहतो, आणि जिल्हा ग्रंथालयाकडे मागणी नोंदविली तर तेही इंग्रजी पुस्तके आणतात, फक्त मागणी लेखी द्यावी लागते.

‘मार्बल हॉल’च्या चिठ्ठ्या सध्या डब्यात आहेत. सदस्य अकरा, चिठ्ठ्या बारा. जादा चिठ्ठी कोणाची याविषयी गटात उघड चर्चा झालेली नाही, पण अक्षर पाहून ओळखता येईल, असे मला वाटते.